लोण्याच्या आधी बटाटा

बटाटे उकडायचे, कुस्करायचे, त्यांत लोणी आणि गरम दूध घालायचे, मीठ-मिरी लावून वाढायचे. एवढ्याशा पदार्थाला प्रस्तावना कशाला हवी, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. स्कॉटलंडच्या घरांत या पदार्थाला चॅपिट टॅटीज म्हणतात, पुष्कळदा नुसतेच टॅटीज. त्याची कृती चार ओळींत मावते आणि त्या चार ओळी पाककृतींच्या कोणत्याही पुस्तकात मिळतात. तरी त्या तंतोतंत पाळूनही अनेकदा पातेल्यात तयार होतो तो एक चिकट, जड गोळा. मग तो सुधारण्यासाठी आणखी लोणी पडते, मग साय, मग चीज, मग भाजलेला लसूण, आणि शेवटी बटाट्याची चव कुठे राहिली ते शोधावे लागते. स्कॉटलंडच्या घरगुती बटाट्याविषयीच्या या पुस्तिकेच्या आरंभी मला एकच गोष्ट मांडायची आहे. बिघाड लोण्यापाशी होत नाही. बटाटा निवडताना, आणि त्यातले पाणी जाऊ न देताच तो कुस्करायला घेताना, तो आधीच होऊन गेलेला असतो. स्कॉटलंडने या साध्या पदार्थात जपला तो कोरड्या, पिठूळ बटाट्याचा आग्रह. बाकीचे सगळे त्यातून येते. हे पटले तर पुढची कृती जवळजवळ सांगावीच लागत नाही, आणि नाही पटले तर कितीही अचूक मापे दिली तरी त्यांचा उपयोग होत नाही.

हा पदार्थ ताटात कुठे बसतो, ते आधी पाहिले पाहिजे. ‘मिन्स अँड टॅटीज’ हे तिथले अगदी रोजचे जेवण: कांदा-गाजर घालून शिजवलेला खिमा आणि त्याच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त, कुस्करलेला बटाटा. २५ जानेवारीला, कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या जन्मदिनी, हॅगिस या मांसाच्या पदार्थाच्या जोडीला ‘नीप्स अँड टॅटीज’ असतात. नीप्स म्हणजे पिवळसर गराचा स्वीड हा कंद, तोही कुस्करलेला. उत्तरेच्या ऑर्कनी बेटांत हे दोन्ही कंद एकाच पातेल्यात कुस्करून, वर चाइव्ह्ज किंवा कांदा आणि लोणी किंवा चरबी घालून क्लॅपशॉट करतात. दक्षिणेच्या सीमाभागात बटाटा, कोबी आणि कांदा एकत्र करून भट्टीत खरपूस भाजतात. त्याचे नाव रंबलडिथंप्स. ओटचे जाडसर पीठ कांद्याबरोबर चरबीत परतून केलेली स्कर्ली टॅटीजबरोबर खातात. ऑर्कनीत जन्मलेल्या एफ. मॅरियन मॅकनील यांनी १९२९ साली ‘द स्कॉट्स किचन’ लिहिले आणि क्लॅपशॉटसारखे शेतकऱ्यांच्या घरचे पदार्थ छापील पुस्तकात मानाने बसवले. या सगळ्या जोड्यांकडे नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. बटाट्याचा जोडीदार दर वेळी ओला तरी असतो किंवा स्निग्ध तरी. खिम्याला रस्सा असतो, हॅगिसला चरबी, स्वीड तर पाण्याने भरलेला. तेव्हा बटाटा कोरडाच हवा, म्हणजे तो दुसऱ्याचा रस ओढून घेईल. तो स्वतःच साय-लोण्याने चिंब झालेला असला, तर ताटातल्या इतर कशालाही त्याच्यात शिरायला जागा उरत नाही. कुस्करलेला बटाटा एकटा चाखून चांगला-वाईट ठरवण्याची सवय म्हणूनच मला चुकीची वाटते. स्कॉटलंडमध्ये तो शेजाऱ्यासह खाण्यासाठी घडला आहे.

‘पारंपरिक’ असे म्हणताच पहिली हरकत येते, आणि ती गंभीर आहे. बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांचा. स्कॉटलंडमधली त्याची जुनी नोंद १६८३ सालची. जेम्स सदरलँड यांनी एडिंबराच्या औषधी वनस्पतींच्या बागेची जी यादी छापली, तिच्यात तो सापडतो. बागेतून त्याला शेतात नेण्याचे श्रेय साधारणपणे किलसाइथच्या टॉमस प्रेंटिस यांना दिले जाते, तेही १७३९च्या सुमारास. साउथ युइस्ट बेटाची हकिकत तर प्रसिद्धच आहे. तिथल्या क्लॅनरॅनल्ड घराण्याच्या प्रमुखाने १७४३ मध्ये आयर्लंडहून बियाणे आणले, तेव्हा कुळांनी ते लावायलाच नकार दिला. कोठडीत टाकल्यावर त्यांनी लागवड केली. पण पीक आल्यावर बटाटे त्याच्या दारात आणून ओतले. लावायला भाग पाडता येईल, खायला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय ज्या कवितेमुळे हॅगिस जगाला माहीत झाले, त्या बर्न्स यांच्या १७८६च्या कवितेत बटाट्याचा उल्लेखसुद्धा नाही. मग एवढ्या उशिरा आलेल्या आणि सुरुवातीला दारातून परत पाठवलेल्या कंदाला परंपरा कोणत्या तोंडाने म्हणायचे? मला वाटते, म्हणावे. पण परंपरा म्हणजे प्राचीनता हे समीकरण सोडून. एखाद्या वस्तूशी लोकांनी पिढ्यानुपिढ्या जो व्यवहार केला, तिच्यातले काय ठेवले आणि काय टाकले, त्या निवडींची साखळी म्हणजे परंपरा. चॅपिट टॅटीजच्या बाबतीत ही साखळी तपासता येते, कारण तिच्या कड्या जातींच्या नावांनी आणि सनावळीसह उपलब्ध आहेत.

दुसरी हरकत याहून बोचरी आहे. डोंगराळ स्कॉटलंडने बटाटा स्वीकारला तो मोठ्या अंशी जमीन हातची गेल्यामुळे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांनी मेंढपाळीसाठी दऱ्या रिकाम्या केल्या, कुळे किनाऱ्यालगतच्या तुकड्यांवर ढकलली गेली, आणि तेवढ्याशा खडकाळ जमिनीत कुटुंब जगवील असे पीक एकच होते. समुद्रातले शेवाळ वाहून आणून, उंच वाफे रचून ते लावले जाई. १८४६ मध्ये करपा आला. फायटॉप्थोरा इन्फेस्टान्स या रोगकारकाने उभे पीक काळे पडले, जमिनीतले कंद कुजले, आणि पश्चिमेचा डोंगराळ भाग व हेब्रिडीज बेटे जवळजवळ दशकभर टंचाईत राहिली. मदत पोहोचल्यामुळे आयर्लंडसारखी प्रचंड प्राणहानी टळली, पण हजारो माणसे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या बोटींवर चढली, आणि त्यांतल्या पुष्कळांना जमीनदारांनीच चढवले. ज्या अन्नामागे हे सारे आहे, त्याच्याविषयी चवीच्या भाषेत बोलणे म्हणजे दारिद्र्य सजवणे नव्हे काय? त्यातच भर अशी की त्या काळी गरिबांच्या वाट्याला आलेला बटाटा पिठूळ नव्हताच. आयर्लंडभर पसरलेली आणि स्कॉटलंडहूनच तिकडे गेली असे मानली जाणारी ‘लंपर’ ही जात भरघोस पिके, पण पाणचट होती.

ही हरकत मला पूर्ण मान्य आहे, आणि ती मान्य केल्यानेच माझे म्हणणे नेमके होते. पिठूळ बटाट्याचा आग्रह दुष्काळाआधीच्या लाचारीतून आलेला नाही. लाचारीने दिला तो पाणचट आणि भरघोस बटाटा, कारण तिथे एकच माप होते: एवढ्या जमिनीत किती पोटे भरतील. चवीने निवड करण्याची सवड मिळाली ती नंतर, आणि ती मिळाल्यावर लोकांनी काय निवडले हेच या परंपरेचे खरे प्रमाण आहे. करप्यानंतरच्या पिढीत डंडीचे विल्यम पॅटर्सन दूरदेशांहून बटाटे मिळवून त्यांचे संकर करू लागले. त्यांची ‘व्हिक्टोरिया’ पुढच्या कितीतरी जातींची पूर्वज ठरली. फाइफमध्ये आर्चिबाल्ड फिंडले यांनी ‘अप-टू-डेट’, ‘ब्रिटिश क्वीन’ आणि ‘मॅजेस्टिक’ काढल्या. ॲबरडीनशायरमधल्या फायव्हीच्या विल्यम सिम यांची ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ १८९१ची. १९०६ साली अर्ब्रोथजवळ जॉन ब्राउन यांनी ‘गोल्डन वंडर’ पुढे आणली, आणि १९०७ मध्ये बॅन्फशायरच्या कॉर्नहिल गावी जेम्स हेन्री यांनी जी जात तयार केली ती बॅन्फच्या विल्यम कर यांनी १९१७ मध्ये ‘कर्स पिंक’ या नावाने बाजारात उतरवली. शेवटच्या दोन्ही जाती कोरड्या, पिठूळ गरासाठी ओळखल्या जातात.

इथे एक शंका काढता येईल. या जाती टिकल्या त्या चवीमुळे की रोगप्रतिकारामुळे? विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये बटाट्यावर चामखिळीसारख्या गाठी आणणारा एक रोग पसरला होता. तो एकदा जमिनीत शिरला की वर्षानुवर्षे जात नसे, आणि बाधित जमिनीत त्याला दाद न देणाऱ्या जातीच लावता येत. ‘गोल्डन वंडर’ आणि ‘कर्स पिंक’ दोन्ही त्याला दाद देत नाहीत. तेव्हा शेतकऱ्याने त्या लावल्या यात चवीचा हात किती, हा प्रश्न योग्य आहे. पण त्या रोगाला पुरून उरणाऱ्या इतरही अनेक जाती तेव्हा होत्या आणि त्यांतल्या बहुतेक आज शेतात दिसत नाहीत. ‘गोल्डन वंडर’चे तर उत्पन्न बेताचे, आणि उघड्या पाण्यात जोरात उकडली तर ती पातेल्यातच विरघळून जाते. शेताच्या हिशेबात किंवा स्वयंपाकाच्या सोयीत बसणारी ही जात नव्हे. तरीही स्कॉटलंडमधल्या परसबागांत आणि काही दुकानांत ती शंभर वर्षांहून अधिक काळ उरली आहे, आणि तिला मागणी करणारे लोक ती मागतात ते फक्त तिच्या कोरडेपणासाठी. आवड कशी सिद्ध करायची, असा प्रश्न असेल तर गैरसोय सोसूनही टिकवून धरलेली वस्तू याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. (बटाट्याच्या वेफर्सची त्याच नावाची प्रसिद्ध कंपनी १९४७ साली एडिंबरामध्ये सुरू झाली आणि तिने नाव या जातीवरूनच घेतले, त्या नावाला घराघरांत किती वजन होते हे त्यावरून कळते.)

कोरडेपणा इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर बटाट्याच्या पेशींत आहे. बटाट्याचा सुमारे चार पंचमांश भाग पाणी असतो. उरलेल्यात मुख्यतः स्टार्च. पिठूळ जातीत या घन भागाचे प्रमाण अधिक, साधारण वीस टक्क्यांच्या वर. उकडताना पेशींतले स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, आणि त्याच वेळी पेशींना एकमेकींशी सांधणारे पेक्टिन विरघळते. स्टार्चने गच्च भरलेल्या पेशी मग अखंड राहून एकमेकींपासून सुट्या होतात. दाताखाली जो भुसभुशीतपणा जाणवतो तो या सुट्या झालेल्या, न फुटलेल्या पेशींचा. मेणचट बटाट्यात पेशी एकमेकींना धरून राहतात. त्यांना वेगळे करायला जोर लावावा लागतो, जोराने त्या फुटतात, आतले शिजलेले स्टार्च बाहेर पडते आणि सगळा गर चिकटतो. मिक्सर किंवा ब्लेंडरमध्ये उत्तम पिठूळ बटाट्याचेही हेच होते, कारण पाते पेशी शिल्लक ठेवत नाही. जुन्या स्कॉटिश स्वयंपाकघरात बटाटा जड बुडाच्या लाकडी दांड्याने वरून खाली ठेचला जाई. त्या हालचालीत दाब असतो, काप नसतो, आणि हाच सारा फरक आहे. पाण्याचेही तसेच. उकडलेल्या बटाट्याच्या पृष्ठभागावर आणि भेगांत अडकलेले पाणी लोणी आणि दूध यांची जागा आधीच घेऊन बसलेले असते. ते वाफ होऊन गेले तरच दुसरे काही आत शिरते.

यातून कृती आपोआप ठरते. एक किलो पिठूळ बटाटे सोलून, एकसारखे मोठे तुकडे करून थंड, मिठाच्या पाण्यात ठेवायचे. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा भाग आतल्याच्या आधी शिजून झडू लागतो. उकळी आल्यावर आच कमी करून पंधरा-वीस मिनिटे, सुरी सहज जाईपर्यंत. फुटणारी जात असेल तर सालासकट किंवा वाफेवर. मग पाणी पूर्ण निथळायचे, पातेले पुन्हा मंद आचेवर ठेवायचे, वर स्वच्छ कोरडे फडके टाकायचे आणि अधूनमधून हलवत दोन-तीन मिनिटे थांबायचे. तुकड्यांच्या कडा पांढऱ्या, पिठाळलेल्या दिसू लागल्या की पाणी गेले असे समजावे. ज्या घरात पुरणपोळी होते तिथे हे समजावून सांगण्याची गरज नाही: डाळीचा कट नीट निथळला नाही आणि पुरण विस्तवावर आटवले नाही, तर ते सैल राहते आणि पोळी फुटते, मग कितीही चांगला गूळ घाला. बटाटा कोरडा झाल्यावर आधी साठ-सत्तर ग्रॅम लोणी घालून ठेचायचे, मग शंभर ते दीडशे मिलिलिटर कढत दूध थोडे थोडे. गार दुधाने गर निवतो आणि घट्ट होतो. शेवटी लाकडी चमच्याने थोडेच फेटायचे, मीठ पाहायचे, मिरपूड घालायची. दुधाचे माप मी मुद्दाम सैल ठेवले आहे, कारण बटाटा किती पितो हे तोच सांगतो, आणि कोरडा बटाटा पुष्कळ पितो.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. विसाव्या शतकात कुस्करलेल्या बटाट्याला जगभर सर्वाधिक प्रतिष्ठा मिळवून दिली ती पॅरिसच्या जोएल रोबुशाँ यांनी, आणि त्यांनी वापरलेला ‘रात’ हा बटाटा लहान, घट्ट आणि मेणचट. एक किलो बटाट्याला अडीचशे ग्रॅम लोणी, हे त्यांच्या छापील कृतीतले प्रमाण. पिठूळपणाशिवाय आणि भरपूर लोण्याने सर्वोत्तम पदार्थ होत असेल, तर माझ्या म्हणण्यात काय उरले? पुष्कळ उरले. पहिली गोष्ट, त्यांच्या कृतीतही लोणी घालण्याआधी बटाटा विस्तवावर ढवळून कोरडा करण्याची पायरी आहे. लोण्याचा एवढा मोठा पुरस्कर्तासुद्धा पाणी घालवल्याशिवाय पुढे जात नाही. दुसरी, मेणचट बटाट्याच्या पेशी न फोडता त्यातून मुलायम गर काढायचा तर फिरत्या चाळणीतून आणि नंतर बारीक जाळीतून तो काढावा लागतो, आणि ते लोणी हळूहळू, सतत घोटत मुरवावे लागते. व्यावसायिक स्वयंपाकघरात हे शक्य आहे. तिथे जे तयार होते ते लोण्याचे आणि बटाट्याचे एक अत्यंत सुंदर मिश्रण असते, आणि त्याचा मान मी कमी करत नाही. पण ते दोन चमचे खाण्याचे अन्न आहे. स्कॉटलंडमधले टॅटीज दिवसभर शेतात, गोदीत किंवा खाणीत काम करून आलेल्या माणसाचे पोटभर जेवण म्हणून घडले. त्यांची कसोटी तिसऱ्या-चौथ्या घासालाही जेवण हवेसे वाटते की नाही, ही आहे. एका पदार्थाच्या मापाने दुसरा मोजला की दोघांवरही अन्याय होतो.

आजच्या स्कॉटलंडमध्ये तरी हा आग्रह उरला आहे का, असे कुणी विचारील. तिथल्या सुपरमार्केटात सर्वत्र दिसते ती ‘मॅरिस पायपर’, १९६६ साली केंब्रिजच्या संस्थेतून आलेली इंग्लिश जात. कुस्करलेला बटाटा तयार डब्यातही मिळतो, आणि साय घालणारी घरे पुष्कळ. हे सगळे खरे आहे. तरीही ‘मॅरिस पायपर’ निवडली जाते ती ती पुरेशी पिठूळ आहे म्हणूनच, आणि बटाट्याच्या पिशवीवर तो पिठूळ की मेणचट हे छापलेले असते, कारण गिऱ्हाईक ते विचारते. डंडीजवळच्या जेम्स हटन इन्स्टिट्यूटमध्ये कॉमनवेल्थ पोटॅटो कलेक्शन सांभाळले जाते. १९३८-३९ च्या दक्षिण अमेरिकेच्या मोहिमेपासून जमवलेले रानटी आणि देशी बटाटे त्यात आहेत. थंड, वारा खेळता हवामान मावा किडीला मानवत नाही, म्हणून स्कॉटलंड आजही बियाण्याच्या बटाट्यासाठी नावाजलेला आहे. बटाट्याकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या देशात त्याच्या गराविषयीची जाण एका पिढीत मावळेल, असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

मराठी वाचकाची खरी अडचण वेगळी आहे: ‘कर्स पिंक’ मंडईत मिळत नाही. नाते मात्र अगदीच दूरचे नाही. फिंडले यांची ‘अप-टू-डेट’ भारतातही आली आणि डोंगराळ भागांत बराच काळ लावली गेली. पुढे शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने इथल्या हवेला साजेशा जाती तयार केल्या. १९६८ची ‘कुफरी ज्योती’ पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यालाही परिचित आहे. ती मधल्या जातकुळीची, धड पिठूळ नाही आणि फार मेणचटही नाही. रस्साभाजीत फोडी अखंड राहाव्यात ही आपली गरज आहे, आणि तिला ती बरोबर बसते. टॅटीजसाठी ‘चिप्सोना’ मालिकेतला, म्हणजे वेफर्सचा बटाटा अधिक चांगला, कारण तळणीसाठी घन भाग जास्त लागतो आणि त्याच हेतूने तो निवडलेला असतो. नाव विचारून उत्तर मिळाले नाही तर परीक्षा घरीच घ्यावी. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडायचा: पिठूळ असेल तर बुडतो, मेणचट असेल तर तरंगतो. शीतगृहात फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते आणि तो गोड लागतो. असा बटाटा घरात उघड्यावर दोन-तीन आठवडे ठेवला की गोडी बरीच उतरते.

साधनांची अडचण तर नाहीच. कुकर वापरायचा असेल तर बटाटे सालासकट, पाणी न घालता, वरच्या भांड्यात ठेवावेत, म्हणजे ते नुसत्या वाफेवर शिजतात. पाण्यात बुडवून शिट्ट्या काढल्या तर आपण ज्याच्याशी लढतो आहोत तेच पाणी आत भरतो. सोलून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावेत. त्याची चाळणी पेशी फारशा फोडत नाही, आणि परदेशी दुकानात महाग मिळणाऱ्या राइसरचे काम ते उत्तम करते. पावभाजी ठेचायचा मॅशरही चालतो, फक्त घोटायचे नाही. घरचे लोणी अळणी असते, तिकडे खारे वापरण्याची चाल आहे, तेव्हा मीठ त्या हिशेबाने. स्वीड इथे मिळत नाही. क्लॅपशॉट करायचे तर त्याच्या जागी नवलकोल घ्यावा, मात्र तो वेगळा शिजवून, ठेचून, पातेल्यात चांगला आटवून मगच बटाट्यात मिसळावा. चव हुबेहूब येणार नाही, पण कोरडा बटाटा आणि रसाळ कंद यांचे नाते तेच राहील. शाकाहारी घरात हॅगिसची जागा मसूर आणि ओट घालून केलेले शाकाहारी हॅगिस घेऊ शकते. ते आता स्कॉटलंडमध्येही सर्रास होते.

उरलेल्या टॅटीजविषयी दोन शब्द, कारण माझ्या म्हणण्याची शेवटची परीक्षा तिथे होते. गार झालेल्या गरातले स्टार्च पुन्हा घट्ट बांधले जाते आणि तो कितीही गरम केला तरी आधीसारखा मऊ होत नाही. स्कॉटलंडमध्ये म्हणून तो तसाच गरम करून वाढण्याऐवजी त्यात थोडा मैदा आणि लोणी मिसळतात, पातळ लाटून, चौकोनी किंवा त्रिकोणी तुकडे करून बिडाच्या सपाट तव्यावर भाजतात. हे टॅटी स्कोन सकाळच्या न्याहारीला अंड्याबरोबर असतात. आदल्या दिवशी गर कोरडा ठेवलेला असेल तर मैदा अगदी कमी, बटाट्याच्या चौथाई-पाचवाई वजनाइतका पुरतो आणि स्कोन मऊ राहतो. पाणचट गर मात्र मैदा ओढतच जातो, आणि भाजल्यावर हातात येते ती चिवट पोळी, जिच्यात बटाटा नावालाच असतो. ज्यांना या पुस्तिकेतली पहिलीच कृती करून पाहायची आहे, त्यांनी म्हणून टॅटीज जरा जास्तच करावेत आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर मैदा बाजूला काढण्याआधी गर बोटांनी चाचपून पाहावा.